सुरुंगवाल्याचे हात

बाबाराव कुमरे कोणाशी कधी नीट बोलला, असं आंजी मोठी गावात कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. सकाळी टपरीवर आला की पहिली शिवी चहाला, दुसरी चहावाल्याला आणि तिसरी समोर दिसेल त्याला. राग त्याच्या नाकावर कायमचा मुक्कामाला होता, आणि त्याला तिथून उठवायची बाबारावाला घाई नव्हती. तरीही याच माणसाला बोलवायला शेतकरी चकरा मारत. विहिरीत काळा दगड लागला की गोडबोल्यांचं तिथं काही चालत नाही. बाबाराव सुरुंग लावायचा. आमच्याकडे याला बार उडवणं म्हणतात.

काम सांगायला सोपं. कंप्रेसरनं दगडात भोकं पाडायची, त्यात बारुदाच्या कांड्या सारायच्या, कांडीत टोपी, म्हणजे डिटोनेटर, खोचायची, टोपीच्या रंगीत तारा एकमेकींना जोडत वर आणायच्या, सगळ्यांना लांब हाकलायचं आणि तारेची टोकं बॅटरीला टेकवायची. हाकलण्याच्या कामात बाबारावाला तोड नव्हती. शेतमालकाला आपल्या विहिरीचा तमाशा काठावरून बघायची हौस असते. बाबाराव त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याला धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापार, पिटाळायचा. त्याचं म्हणणं असं, की हात जोडले तर हे लोक उभेच राहतात, वर गप्पा मारतात. त्याच्या हाताखाली कधी कोणाला खरचटलं नाही. त्याचा स्वतःचा डावा कान तेवढा कायमचा गेला.

अर्ध्या तालुक्याला पाणी दाखवलेल्या या गोंड माणसाच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. लायसन ठेकेदार किसनरावाचं, जीप किसनरावाची, माल किसनरावाचा. हात तेवढे बाबारावाचे. किसनरावानं उभ्या आयुष्यात एक टोपी खोचली नसेल, पण कुठं ओळख करून द्यायची वेळ आली की तो ऐटीत सांगायचा, ‘आपला ब्लास्टिंगचा बिजनेस आहे.’

आता गंमत पाहा. जगात कुठंही कोणी माथेफिरू फुटला की त्याची किंमत बाबाराव मोजायचा. मुंबईत बॉम्ब फुटले तेव्हा तो धंद्यात नवा होता. कितीतरी दिवस काम बंद राहिलं. अमेरिकेतल्या मनोऱ्यांत विमानं घुसली, तेव्हा पोलीस ठाण्यातला जमादार मोटरसायकलवर वस्तीत आला आणि तू काल कुठं होतास म्हणून विचारू लागला. बाबारावानं सांगितलं, विहिरीत. जमादाराला तो उद्धटपणा वाटला. मग पुढं ज्या शहरांची नावं बाबारावाच्या तोंडात बसत नव्हती, तिथल्या बाजारात, स्टेशनात, हॉटेलात स्फोट होत गेले, आणि दर स्फोटामागे इकडं कोणी ना कोणी येऊन त्याचं घर बघून जाई, बायकोचं गाठोडं सोडून बघे. हे सगळं चालू असताना आमच्याच भागातल्या कारखान्यांतून भरलेले बारुदाचे ट्रक लाल अक्षरांत धोका लिहून राजरोस हायवेनं जात होते. कुठल्या बंदरात, कुठल्या देशात, देव जाणे. बारुदाला व्हिसा लागत नाही. बारुदाला तू काल कुठं होतीस म्हणून कोणी विचारत नाही. विचारतात ते बाबारावाला, कारण तो समोर दिसतो, त्याच्या अंगावर फाटका बनियन असतो आणि त्याच्या ओळखीचा वकील नसतो.

बार उडाला की ढिगाऱ्यात तारा उरतात. पातळ, लाल-पिवळ्या, आत तांब्याचा केसासारखा धागा. कोणी त्या फेकत नाही. बाबारावाची बायको कोकिळा त्या धुऊन, वळून त्यांच्या टोपल्या विणायची. वस्तीतल्या घराघरांत अशी टोपली होती. भाकरी त्यात, अंडी त्यात, लग्नात नवरीच्या हातात सुपारी द्यायला तीच. कोकिळेच्या हाताला गुण होता. तिची टोपली पाणी भरून ठेवलं तर जरा वेळ गळणार नाही इतकी घट्ट असे. वर्ध्याच्या एका मॅडमनं एक मागून नेली आणि दिवाणखान्यात टांगली, याचा कोकिळेला भारी अभिमान होता.

त्यांची मुलगी चंचल मात्र या टोपल्यांवर चिडायची. घराला येणारा बारुदाचा वास, बापाच्या शिव्या, आईची गोंडी, सगळ्यावरच तिचा राग होता. आई गोंडीत बोलली की ती मराठीत उत्तर द्यायची. पण पोरगी हुशार. नर्सिंगला नंबर लागला, शेवटपर्यंत पहिल्या काही मुलींत राहिली. बाप काय करतो, हे तिनं कॉलेजात कोणाला सांगितलं नाही. ‘वडील शेती करतात’ एवढं सांगून ती मोकळी व्हायची. बाबारावाला हे कळलं ते कॉलेजच्या कार्यक्रमात. एक बाई हसत पुढं आल्या आणि यंदा सोयाबीन कसं आहे म्हणून त्यांनी त्याला विचारलं. बाबाराव क्षणभर पोरीकडं पाहत राहिला आणि मग म्हणाला, चांगलं आहे. गाडीत बसल्यावर मात्र त्यानं ड्रायव्हरला, रस्त्याला आणि सरकारला जे झोडपायला सुरुवात केली ती घर येईपर्यंत. पोरीला एक शब्द बोलला नाही. त्याला ते लागलं होतं, आणि लागलेलं दाखवणं त्याला जमत नव्हतं.

पुढं जर्मनीतलं एक हॉस्पिटल चंचलला घ्यायला तयार झालं. तिकडं म्हातारे फार आणि त्यांना पुसायला, उठवायला, औषध द्यायला माणसं नाहीत. त्यासाठी आता साऱ्या जगातून पोरी वेचून नेतात. एजन्सीनं चंचलला जर्मन शिकवलं, कागद केले, तिकीट काढलं. ती घरात जर्मनमध्ये पाठ म्हणत फिरायची तेव्हा कोकिळा चुलीपाशी बसून खुदुखुदु हसायची. बाबाराव टपरीवर जाऊन सांगायचा, की गोऱ्यांना स्वतःचे मायबाप धुवायला आता गोंडाची पोरगी लागते. सांगताना तोंड वाकडं करायचा, पण सांगायचा रोज.

त्याच सुमारास दूर कुठंतरी मोठा स्फोट झाला. किती माणसं मेली ते टीव्ही रात्रंदिवस सांगत होता. बाबारावाकडे नेहमीप्रमाणे शिपाई येऊन गेला. नेहमीप्रमाणे काही मिळालं नाही, आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी किसनरावाची जीप दारात आली. एका शेतकऱ्याची विहीर अर्धवट राहिली होती. पोरगी जायच्या आदल्या दिवशी बाबारावानं आंजीच्या शिवारात त्या विहिरीत बार उडवला, संध्याकाळी साबणानं हात धुतले आणि पोरीची मोठी बॅग स्वतः दोऱ्यांनी आवळून बांधली.

त्या बॅगेत कोकिळेनं काय केलं होतं, ते चंचलला माहीत नव्हतं. परदेशी जाणाऱ्या लेकीला रिकाम्या हातानं कोणती आई धाडते? कोकिळेनं मोहाचे लाडू केले, तीळ घालून, मुठीएवढे. प्लास्टिकच्या डब्यात ते पिचतील म्हणून तारेची नवी झाकणाची टोपली विणली, लाडू आत गच्च बसवले, वरून तारेनंच तोंड शिवून टाकलं आणि स्वेटराखाली ती सारून दिली. चंचलनं पाहिलं असतं तर फेकून दिली असती, हे तिला ठाऊक होतं. पोरीला तिकडं गेल्यावर सापडेल आणि आईची आठवण येईल, एवढंच त्या बाईच्या मनात.

खरं सांगायचं तर विमानतळावर मशीनवर बसलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. बॅग सरकत आत गेली आणि त्याला पडद्यावर काय दिसलं? एक गच्च गोळा, त्याच्याभोवती बारीक तारांचं जाळं, आणि त्या तारा साध्या नव्हत्या. त्यानं पट्टा थांबवला. अधिकाऱ्यानं पांढरी पट्टी बॅगेच्या मुठीवर घासून बारुद हुंगणाऱ्या दुसऱ्या मशीनला दाखवली, आणि मशीन ओरडलं. भाड्याच्या जीपपासून दारापर्यंत ती मूठ बाबारावानं धरली होती.

बाबाराव आणि कोकिळा बाहेर दाराशी उभे होते, आत गेलेल्या पोरीची पाठ कुठं दिसते का ते शोधत. तेवढ्यात फोन वाजला. बाबारावानं तो उजव्या कानाला लावला. चंचलचा आवाज अगदी खाली होता.

“बाबा, तुमाले आत बोलावतीन. तुमी शेती करता म्हनून सांगजा. टोपली येता येता रस्त्यावर इकत घेतली म्हना. बाकी काई बोलू नका, नाईतर मी गेलीच समजा.”

कोणती टोपली, हे त्यानं विचारायच्या आत फोन बंद झाला. त्यानं कोकिळेकडं पाहिलं. तिचा चेहरा पाहूनच त्याला सगळं कळलं.

त्यांना आत एका खोलीत नेलं. चंचल खुर्चीवर ताठ बसली होती. टेबलावर टोपली होती, सगळ्यांपासून लांब ठेवलेली, जणू आत नाग आहे. अधिकारी उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. मोठ्यानं बोलला नाही, हात उगारला नाही. त्याची नजर मात्र अशी होती की समोरचा माणूस दोषी आहे हे ठरलंय, फक्त कशाचा ते शोधायचं राहिलंय. त्यानं विचारलं, काय काम करतोस. बाबारावाची मान ताठ झाली. उभ्या जन्मात त्यानं हे काम कुठल्या साहेबासमोर लपवलं नव्हतं. जमादारासमोर नाही, तहसीलदारासमोर नाही. त्यानं पोरीकडं पाहिलं. ती टेबलाकडं बघत होती.

“खेती,” बाबाराव म्हणाला.

काय लावलंय? बाबारावानं सांगितलं, पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. किती आहे, पाणी कशावर, असं एकेक विचारत गेला अधिकारी, आणि बाबारावाला आदल्या दिवशीचं ते शेत आठवलं. मग त्यानं तेच सांगायला सुरुवात केली. धुऱ्यावर सागाची झाडं आहेत, मधोमध विहीर आहे, पऱ्हाटी कमरेएवढी आली, तुरीच्या तासात यंदा गवत माजलं, खत आत्ताच टाकलं. सांगता सांगता त्याची हिंदी सुधारली. अधिकाऱ्यानं लिहायचं थांबवून ऐकलं. त्याचाही बाप कुठं शेतीच करत असावा. आणि मी म्हणतो, त्या थोड्या वेळापुरती बाबारावाला जमीन होती. चंचलनं मध्येच हळूच सांगितलं, की खताचे हात बॅगेला लागले असतील, खतानंही मशीन वाजतं. अधिकाऱ्यानं मान हलवली. हे त्यालाही माहीत होतं. टोपली इथंच राहील, बॅग परत बांधा, असं तो म्हणाला. विमानाला वेळ होता. चंचल बॅग बांधायला उठली.

आणि तेवढ्यात दार उघडलं. स्थानिक ठाण्याचा शिपाई कागद घेऊन आला. प्रफुल नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर होतं. त्यानं बाबारावाकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. या साऱ्या इमारतीत बाबारावाकडं पाहून आनंद झालेला हा एकटाच माणूस.

“अरे, बाबारावकाका तुमी? ओळखलं नाई का मले? आंजीले माझ्या मामाची विहीर तुमीच तं फोडली. सर, इनके जैसा बार उडानेवाला पूरे जिल्हे में नहीं है.”

बिचाऱ्यानं मोठेपणा दिला हो. ज्या शाबासकीसाठी बाबाराव जन्मभर आसुसला होता, ती त्याला मिळाली, हिंदीत, अधिकाऱ्यासमोर, आणि नेमकी तिथं. कोकिळेच्या तोंडून हाय निघाली. चंचलनं डोळे मिटले. प्रफुलला काहीतरी चुकलं हे कळलं, पण काय ते कळेना. तो तसाच अर्धवट हसत उभा राहिला.

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं. तारा कुठल्या, टोपली कोणी विणली, हे बाबारावानं आता खरंखरं सांगितलं, चढ्या आवाजात, कारण हलक्या आवाजात त्याला खरं बोलता येत नव्हतं. अधिकाऱ्याला ते पटलंही असावं. त्याची अडचण निराळीच होती. मग खोटं का बोललात? बापही खोटं, पोरगीही खोटं, आणि दोघांचं खोटं एकसारखं. आता पोरीला बापाच्या धंद्याची लाज वाटते हे अधिकाऱ्याला कोण समजावणार? त्याला कट समजतो, टोळी समजते, सीमेपलीकडचा हात समजतो. लाज हे कारण असू शकतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

घाबरून कोकिळा नवऱ्याशी गोंडीत बोलली. ही कोणती भाषा, म्हणून विचारणा झाली. नातेवाईक कुठं कुठं आहेत? बाबारावाची बहीण गडचिरोलीकडं दिलेली. ते नाव निघालं आणि खोलीतली हवा पुन्हा बदलली. आणखी एक माणूस आला, आणखी एकानं फोन केला. किसनरावाला फोन लावला, तर तो म्हणाला की बाबाराव नावाचं कोणी गावात असेल, माझ्याकडे कामाला नाही. लायसनवाल्याला लायसन वाचवायचं होतं. बाबारावानं फोनमधून ते ऐकलं. त्याच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही, त्यावरून त्याची अवस्था ओळखावी.

टोपली कात्रीनं कापली. एकेक लाडू फोडून पाहिला. लाडवांत मोह आणि तीळ निघाले. शेवटी त्या प्रफुलनंच आपल्या मामाला, मामानं सरपंचाला आणि सरपंचानं आणखी कोणाला सांगून खात्री पटवली, तेव्हा त्यांना सोडलं. विमान केव्हाच गेलं होतं. कोणी माफी मागितली नाही. आम्ही आमचं काम करतो, एवढं अधिकारी म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

परतीच्या रस्त्याला सेलू गाव मागं पडल्यावर चंचलनं जीपच्या खिडकीबाहेर बघत विचारलं, “बाबा, तुमाले दुसरं काम काऊन नाई भेटलं?”

“अन् तुले दुसरा बाप काऊन नाई भेटला?” बाबाराव म्हणाला.

एजन्सीनं दुसरी तारीख दिली, पण सोबत तंबीही दिली. पुन्हा असा प्रकार झाला तर हॉस्पिटल वाट पाहणार नाही, दारात मुली रांगेनं उभ्या आहेत. चंचल दुसऱ्याच दिवशी बोरगाव मेघेला मैत्रिणीच्या, वर्षालीच्या, खोलीवर राहायला गेली. घरातलं काही नेलं नाही. बॅग नवी, चपला नव्या, अंगातले कपडेही वर्षालीचे. ती मोबाईलवर वाचत बसायची, की बारुदाचा वास कशाकशाला धरतो आणि कसा जातो. पासपोर्ट तिनं ओल्या फडक्यानं पानपान पुसला. आईला येऊ दिलं, पण आंघोळ करून, कोरं लुगडं नेसून. बापाबद्दल ती बोलली नाही. तो येतो का म्हणून विचारलं नाही, आणि येऊ नको असंही म्हणाली नाही.

बाबारावानं गावात सांगून टाकलं, की त्याला पोरीशी देणंघेणं नाही. जाईना का जर्मनीत नाहीतर खड्ड्यात. किसनरावाची जीप काहीच झालं नसल्यासारखी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली, तेव्हा मात्र त्यानं जे काही ऐकवलं ते शेजारणींनी कानांवर हात ठेवून ऐकलं. जीप परत गेली. तो कामावर गेला नाही. घरी बसून हात धुवायचा. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं, मग विटेचा तुकडा घेऊन तळवे घासायला लागला. बोटांच्या पेरांची कातडी सोलून निघाली. कोकिळेनं विचारलं तर म्हणाला, खाज सुटली आहे. तिनं नुसतं खोबरेल आणून ठेवलं.

जायच्या दिवशी तो बोरगाव मेघेला गेलाच. धुतलेलं धोतर, धुतलेला सदरा, पायांत काही नाही, कारण चपला विहिरीवरच्या होत्या. फाटकाजवळ उभा राहिला. गाडी आली, ड्रायव्हरनं बॅग उचलून ठेवली. चंचल बाहेर आली. आईच्या गळ्यात पडली आणि भरपूर रडली. मग वळली. बापासमोर आली ती चार पावलं लांबच थांबली. आमच्याकडे लेक निघताना पाया पडते आणि बाप डोक्यावर हात ठेवतो. बाबारावाचा हात उठलाही होता.

“हात नका लावू, बाबा,” ती म्हणाली. “दुरूनच.”

त्याचा हात खाली आला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. पोरीचाही नाइलाज होता; एवढ्यासाठी सगळं हातचं घालवायचं? हे त्यालाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तो आतून पेटला होता. सापडला तो एकच शब्द त्यानं आधी काढला, आणि मग त्याची जीभ नेहमीच्या वाटेला गेली.

“जाय,” तो म्हणाला. “अन् तिकडं बी सांगजो, शेतकऱ्याची पोरगी हाय म्हनून.”

चंचलचा चेहरा आक्रसला. तिनं लांबूनच मान वाकवली, गाडीत बसली आणि काच वर केली. गाडी वळेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

फोन आला तेव्हा दोघं घरी पोचले होते. कोकिळेनं तो घाईनं घेतला. पलीकडं चंचल हसत होती, किती दिवसांनी. सगळं पार पडलं म्हणाली. यावेळी तिला मुद्दाम बाजूला घेतलं होतं, पांढरी पट्टी तिच्या तळव्यांवर घासली, बॅगेवर घासली, बुटांवर, केसांवरसुद्धा घासली, आणि मशीन एकदाही वाजलं नाही. आता ती विमानाच्या दाराशी उभी होती.

बाबाराव खाटेवर बसला होता. कोकिळेचा फोन त्याच्या बहिऱ्या बाजूला होता. काय म्हणते, म्हणून त्यानं विचारलं.

“तिच्यावर काईच नाई निघालं म्हनते.”

“काईच नाई?” त्यानं आपल्या सोललेल्या तळव्यांकडं पाहत विचारलं.

कोकिळेला आनंद झाला होता. त्याला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून ती त्याच्या चांगल्या कानाशी गेली आणि तिनं ते पुन्हा मोठ्यानं सांगितलं.